४३५पेक्षा मोठा ४३०: १९६७च्या कॉर्व्हेट एल-८८चं प्रकरण

१९६७ साली अमेरिकेत शेवरोलेच्या डीलरकडे कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार मागवायला गेलेल्या माणसासमोर पर्यायांची लांबलचक यादी यायची. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन, रेडिओ अशा प्रत्येक गोष्टीपुढे एक छोटा कोड आणि डॉलरमधली किंमत. त्या यादीत ४२७ घनइंचाच्या, म्हणजे ७ लिटरच्या, इंजिनाचे पाच प्रकार होते. त्यातले दोन शेजारी ठेवून पाहा. एल-७१: ४३५ अश्वशक्ती, ४३७.१० डॉलर. एल-८८: ४३० अश्वशक्ती, ९४७.९० डॉलर.

दुपटीहून जास्त पैसे मोजायचे आणि ताकद ५ने कमी घ्यायची. शहाण्या गिऱ्हाइकाने काय करावं हे उघड आहे, आणि गिऱ्हाइकांनी तेच केलं. त्या वर्षी बनलेल्या २२,९४० कॉर्व्हेटपैकी ३,७५४ गाड्यांमध्ये एल-७१ बसवलं गेलं. एल-८८ घेणारे निघाले २०.

हा २०चा आकडा विक्री फसल्यामुळे आलेला नाही. एल-८८ फार लोकांनी घेऊ नये अशीच तिची मांडणी केली होती. जुन्या अमेरिकन स्पोर्ट्स कारमध्ये कारखान्याने दिलेले शर्यतीचे दुर्मीळ पर्याय बरेच आहेत, पण मला यातलं हेच प्रकरण सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. शर्यतीत उतरणार नाही असं जाहीर केलेल्या कंपनीच्या इंजिनिअरांनी पूर्ण शर्यतीची गाडी खुल्या यादीतून विकली. ती नको त्या हातात जाऊ नये म्हणून कुंपण घातलं तेही त्याच यादीच्या आधारे. त्या कुंपणाची बहुतेक लाकडं खरी होती. एक मात्र खोटं होतं.

बंदी आणि तिच्या आतली वाट

१९५५ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ८०हून अधिक माणसं गेली. त्यानंतर मोटार शर्यतींवरच जगभर प्रश्नचिन्ह लागलं. अमेरिकेत रस्त्यांवरचे अपघात हाही राजकारणाचा विषय होत होता. जून १९५७मध्ये अमेरिकन मोटार कंपन्यांच्या संघटनेने ठराव केला की सदस्य कंपन्या शर्यतींत भाग घेणार नाहीत, संघांना मदत करणार नाहीत आणि जाहिरातीत वेग मिरवणार नाहीत.

कॉर्व्हेटच्या दृष्टीने याहून वाईट वेळ नव्हती. १९५३ साली आलेली ही फायबर ग्लासच्या अंगाची गाडी सुरुवातीला दिसायला देखणी आणि चालायला मिळमिळीत होती. तिला खरी स्पोर्ट्स कार बनवण्याचा ध्यास घेतला झोरा आर्कस-डंटॉव्ह यांनी. ब्रसेल्समध्ये जन्मलेले, बर्लिनमध्ये शिकलेले हे इंजिनिअर १९५३मध्ये शेवरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्समध्ये आले. कंपनीत नोकरी करतानाच १९५४ आणि १९५५मध्ये त्यांनी पोर्शे चालवून ल मान्सला आपल्या वर्गात विजय मिळवला होता. शर्यतीत गाडीचं काय होतं हे त्यांनी प्रेक्षकांच्या गॅलरीतून पाहिलेलं नव्हतं.

डंटॉव्हना बंदीत एक फट दिसली. कंपनीने संघ चालवायचा नाही, ठीक आहे. पण गिऱ्हाईक मागेल ते सुटे भाग आणि पर्याय विकायला कोणाची हरकत आहे? जोराचा ब्रेक, कडक स्प्रिंग, मोठी टाकी या गोष्टी "हेवी ड्यूटी" या नावाने यादीत येत राहिल्या. शर्यतीच्या नियमांनाही हेच हवं होतं. उत्पादन गाड्यांच्या वर्गात एखादा भाग वापरायचा तर तो कारखान्याच्या अधिकृत यादीत असायला हवा आणि कोणालाही विकत घेता यायला हवा. यादीतला कोड ही बंदी घालणाऱ्यांपुढे पळवाट होती आणि शर्यतीच्या निरीक्षकांपुढे प्रवेशपत्र.

१९६३च्या झेड-०६ पर्यायात हा विचार पहिल्यांदा पूर्ण रूपात दिसला. स्टिंग रे नावाने आलेल्या नव्या कॉर्व्हेटच्या कूपे, म्हणजे पक्क्या छताच्या, गाडीवर सुरुवातीला १,८१८.४५ डॉलर जादा दिले की धातूच्या भुकटीपासून घडवलेल्या अस्तरांचे ब्रेक, हवा खेळवणारे ड्रम, जाड अँटी-रोल बार, कडक सस्पेन्शन आणि ३६.५ गॅलनची, म्हणजे जवळपास १३८ लिटरची, टाकी मिळायची. लांब पल्ल्याच्या शर्यतीत पेट्रोल भरायला एकदा कमी थांबावं लागणं म्हणजे काय, हे शर्यत पाहणाऱ्याला सांगायला नको. ऑक्टोबर १९६२मध्ये रिव्हरसाइडच्या तीन तासांच्या शर्यतीत डग हूपर यांनी झेड-०६ चालवून विजय मिळवला. त्याच दिवशी कॅरोल शेल्बी यांची कोब्रा ही स्पोर्ट्स कार पहिल्यांदा स्पर्धेत उतरली होती, आणि मागच्या चाकाचा भाग तुटेपर्यंत ती पुढे होती. कोब्रा कितीतरी हलकी होती. झेड-०६चं भविष्य त्या दिवशी जिंकूनही अंधारात होतं.

उत्तर म्हणून डंटॉव्ह यांनी ग्रँड स्पोर्ट नावाची वेगळी, हलकी गाडी बनवायला घेतली. १२५ बनवायच्या होत्या. जानेवारी १९६३मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष फ्रेडरिक डॉनर यांनी बंदी नव्याने आणि जास्त कडकपणे लागू केली, आणि ग्रँड स्पोर्ट पाचवरच थांबली.

या दोन घटना एकत्र वाचल्या की एल-८८चा आकार समजतो. वेगळी गाडी वरच्या मजल्यावरून दिसते आणि तिथून थांबवता येते. यादीतली एक ओळ दिसत नाही, किंवा दिसली तरी खटकत नाही.

एका खुणेमागे काय काय यायचं

एल-८८ म्हणजे नुसतं इंजिन नव्हे. ऑर्डरवर त्या कोडची खूण केली की पाठोपाठ बाकीच्या खुणा आपोआप सक्तीच्या व्हायच्या. जे-५६ हे जड कामाचे डिस्क ब्रेक ३४२.३० डॉलर. एम-२२ हा चार गिअरचा गिअरबॉक्स २३७ डॉलर. एफ-४१ सस्पेन्शन, पॉझिट्रॅक्शन डिफरेन्शियल, ट्रान्झिस्टर इग्निशन, ब्रेकला व्हॅक्यूमची मदत, सगळं घ्यावंच लागायचं. कूपेची मूळ किंमत ४,३८८.७५ डॉलर होती. हे सगळं मिळवून ती ६,०००च्या घरात जायची. जून १९६६च्या अवमूल्यनानंतर डॉलर साडेसात रुपयांना होता, तेव्हा आपल्या हिशेबात ४५,००० रुपये.

आता इंजिनाकडे येऊ. बिडाचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमची हेड्स, घडीव क्रँकशाफ्ट, शर्यतीचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, आणि वर हवा-पेट्रोल मिसळणारा एकच पण प्रचंड होली कार्ब्युरेटर, मिनिटाला ८५० घनफूट हवा ओढणारा. एल-७१वर तीन कार्ब्युरेटर होते, त्यामुळे बॉनेट उघडल्यावर तेच जास्त रुबाबदार दिसायचं. पण महत्त्वाचा आकडा बाहेरून दिसणारा नव्हता. एल-८८चं कॉम्प्रेशन १२.५ला १ होतं, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण साडेबारा पट कमी जागेत दाबलं जायचं.

एवढ्या दाबाखाली साधं पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता स्वतःच पेटतं, इंजिन ठोकू लागतं, आणि पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. म्हणून गाडीच्या आत एक इशारा चिकटवलेला असायचा: किमान १०३ रिसर्च ऑक्टेनचं इंधन वापरा, नाहीतर इंजिनाची हानी होईल. ऑक्टेन जितकं जास्त, तितकं पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटत नाही. आपल्याकडच्या पंपावर साधं पेट्रोल अनेक वर्षं ९१ ऑक्टेनचं असायचं. तेव्हाच्या अमेरिकेत शिसं मिसळलेलं भारी पेट्रोल यापेक्षा बरंच वरचं होतं, तरी १०३ प्रत्येक नाक्यावर मिळत नव्हतं. म्हणजे या गाडीत बसून लांबच्या गावी जायचं तर आधी वाटेतले पंप शोधायचे.

हवा आत घेण्याची पद्धत मला फार आवडते. बहुतेक गाड्या समोरून हवा घेतात. एल-८८चं बॉनेट ती मागून, पुढच्या काचेच्या पायथ्यापासून घ्यायचं. वेगात जाताना हवा काचेवर आदळते आणि त्या कोपऱ्यात दाब वाढतो. शिवाय ती हवा इंजिनाच्या खोलीतली तापलेली नसते. थंड हवा दाट असते, दाट हवेत ऑक्सिजन जास्त, आणि जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त इंधन जाळता येतं. कसलाही हलता भाग नाही, खर्च जवळपास नाही, फायदा मात्र जितका वेग जास्त तितका जास्त. बाहेरून पाहणाऱ्याला हे बॉनेट इतर मोठ्या इंजिनाच्या कॉर्व्हेटसारखंच वाटायचं.

एम-२२ गिअरबॉक्सचे दाते नेहमीच्यापेक्षा कमी तिरके कापलेले होते. तिरके दाते शांत चालतात पण शाफ्टला बाजूला ढकलतात आणि उष्णता वाढवतात. दाते सरळ केले की ताकद वाढते आणि आवाजही. तो आवाज इतका कर्कश होता की अमेरिकन मंडळींनी या गिअरबॉक्सला "रॉक क्रशर", म्हणजे खडीयंत्र, म्हटलं.

आणि मग काढून घेतलेल्या गोष्टी. हीटर नाही. त्याचे ९७.८५ डॉलर किमतीतून वजा व्हायचे, पण हीटर हवाच म्हटलं तर मिळायचा नाही. मिशिगन किंवा मिनेसोटाच्या जानेवारीत हीटरशिवाय गाडी म्हणजे काय, याचा विचार करा. पुण्यामुंबईत बसून आपल्याला ही शिक्षा किती मोठी आहे ते पटकन जाणवत नाही. तिथे अशी गाडी रोज वापरणं जवळपास अशक्य.

रेडिओ नाही. याला तांत्रिक जोड होती. फायबर ग्लासचं अंग इग्निशनमधून निघणारा विद्युत गोंगाट अडवत नाही, म्हणून रेडिओ असलेल्या कॉर्व्हेटमध्ये डिस्ट्रिब्युटर आणि तारांवर धातूची झाकणं बसवावी लागत. रेडिओ गेला की झाकणं गेली, वजन कमी झालं, आणि शर्यतीच्या मध्यात प्लग बदलणं सोपं झालं.

रेडिएटरच्या पंख्याभोवतीचं आवरणही नाही. गाडी वेगात असते तेव्हा समोरून येणारी हवा रेडिएटर थंड ठेवायला पुरते. सिग्नलला उभी असताना ती हवा नसते, पंख्यालाच खेचावी लागते, आणि आवरण नसेल तर पंखा आजूबाजूची गरम हवाच फिरवत बसतो. त्यामुळे ही गाडी रेस ट्रॅकवर ठणठणीत आणि संध्याकाळच्या रहदारीत तापलेली असायची.

खोटा आकडा

आता त्या ४३०कडे. त्या काळी अमेरिकन कंपन्या अश्वशक्ती "ग्रॉस" पद्धतीने मोजत. इंजिन बाकावर, सायलेन्सर नाही, पट्ट्यावर चालणारे जोडभाग काढलेले. ही पद्धतच आकडा फुगवणारी होती. तरीही एल-८८चा जाहीर आकडा फुगलेला नव्हता, दाबलेला होता. इंजिनाची खरी ताकद ५००च्या बरीच वर होती. ५५०च्या आसपासचे अंदाज जाणकार देतात.

हे कसं साधलं? इंजिनाची ताकद फेऱ्यांबरोबर वाढत जाते, एका ठिकाणी शिखर गाठते आणि मग उतरते. एल-७१चा ४३५ हा मिनिटाला ५,८०० फेऱ्यांवरचा, म्हणजे शिखराजवळचा आकडा होता. एल-८८चा कॅमशाफ्ट त्याहून वरच्या फेऱ्यांसाठी कापलेला होता. तिचा आकडा मात्र खालच्या फेऱ्यांवरचा घेतला, जिथे ताकद अजून चढतच होती. चढणाऱ्या माणसाची उंची त्याने अर्धा डोंगर चढल्यावर नोंदवावी, तसं. तेवढ्या फेऱ्यांवर तेवढी ताकद होतीच, पण तो या इंजिनाचा आवाका नव्हता.

कारणं समजण्यासारखी होती. ५५० लिहिलं असतं तर पहिला प्रश्न वरच्या मजल्यावरून आला असता, आणि तिथे डॉनर यांचा आदेश अजून लागू होता. विमा कंपन्या जास्त ताकदीच्या गाड्यांकडे वाकड्या नजरेने पाहू लागल्या होत्या. आणि सर्वांत खरं कारण म्हणजे नुसता मोठा आकडा पाहून गाडी घेणारा तरुण. १९६७च्या कॉर्व्हेटची चाकं ६ इंच रुंद होती आणि टायर जुन्या बायस प्लाय पद्धतीचे. ५००हून जास्त अश्वशक्ती त्या टायरमधून रस्त्यावर उतरवायला हात आणि डोकं दोन्ही लागतं.

कॉर्व्हेटप्रेमी ही हकिगत डंटॉव्ह यांच्या हुशारीची म्हणून मिटक्या मारत सांगतात. हीटर काढणं, पंख्याचं आवरण काढणं, ऑक्टेनचा इशारा चिकटवणं, यात मला प्रामाणिकपणा दिसतो. गाडी कशासाठी आहे हे त्यातून गिऱ्हाइकाला सरळ कळतं, आणि ज्याला ती झेपणार नाही तो स्वतःच मागे फिरतो. ४३०चं तसं नाही. तो आकडा गिऱ्हाइकाला काही सांगत नाही, त्याच्यापासून लपवतो. हेतू चांगला होता हे मान्य. पण ज्याने खरोखर शर्यतीत उतरायचं म्हणून पैसे साठवले आणि ज्याच्या ओळखीचं कारखान्यात कोणी नव्हतं, त्याच्यासमोरही हाच खोटा आकडा होता. आतल्या गोटातल्या माणसाला खरी गोष्ट माहीत होती. बाहेरच्याला कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटर आणि ऑक्टेनच्या ओळी जोडून अंदाज बांधावा लागला. ज्यांनी तो बांधला त्यांचं मला कौतुक आहे, कारण सगळी सामग्री कागदावर होती, फक्त अश्वशक्तीच्या रकान्यात नव्हती.

रस्त्याबाहेर काय झालं

यादीत येण्याआधीच हे इंजिन शर्यतीत उतरलं होतं. फेब्रुवारी १९६६मध्ये डेटोनाची पहिली २४ तासांची शर्यत झाली. शर्यतसंघ चालवणाऱ्या रॉजर पेन्स्की यांनी तिच्यासाठी एल-८८च्या पूर्वरूपाची कॉर्व्हेट मिळवली. चालक डिक गुल्डस्ट्रँड यांनी ती सेंट लुईसच्या कारखान्यातून ऐन हिवाळ्यात पेनसिल्व्हेनियापर्यंत चालवत आणली, अर्थात हीटरशिवाय. शर्यतीत रात्री दुसऱ्या गाडीशी टक्कर होऊन समोरचा भाग आणि दिवे गेले. संघाने हातातल्या विजेऱ्या चिकटपट्टीने बांधल्या आणि गाडी पुन्हा सोडली. गुल्डस्ट्रँड, बेन मूर आणि जॉर्ज विंटरस्टीन यांनी जीटी, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांच्या, वर्गात पहिला आणि एकूण १२वा क्रमांक आणला. पुढच्याच महिन्यात सेब्रिंगला मूर आणि विंटरस्टीन यांनी वर्ग पुन्हा जिंकला, एकूण नववे.

१ एप्रिल १९६७ला सेब्रिंगच्या १२ तासांत डॉन येन्को आणि डेव्ह मॉर्गन यांनी सनरे डीएक्स या तेल कंपनीच्या रंगातली एल-८८ चालवली. शर्यतीच्या शेवटी येन्को यांच्या हातात असताना ब्रेकनी दगा दिला आणि गाडी बाहेर गेली. तोपर्यंत इतकं अंतर कापून झालं होतं की जीटी वर्ग तिचाच राहिला, एकूण १०वा क्रमांक.

मग जून. कॅलिफोर्नियातल्या डाना शेवरोले या डीलरने एक एल-८८ कूपे ल मान्सला पाठवली. चालक गुल्डस्ट्रँड आणि बॉब बॉन्ड्युरंट. मुल्सानच्या लांब सरळ रस्त्यावर ही गाडी ताशी १७० मैलांच्या पुढे गेली, म्हणजे २७० किलोमीटरहून जास्त. कंपनीचा संघ नाही, एका डीलरची गाडी, आणि ती जीटी वर्गात तासन्‌तास पुढे. जवळपास अर्धी शर्यत होत आली तेव्हा इंजिनाच्या आत मोडतोड झाली आणि सगळं संपलं. त्या वर्षी डॅन गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी फोर्डला एकूण विजय मिळवून दिला. फोर्डमागे कंपनीची सगळी तिजोरी उघडी होती. कॉर्व्हेटमागे एक कोड होता.

डंटॉव्ह यांच्या मार्गाची ताकद आणि मर्यादा दोन्ही इथे दिसतात. यादीतून गाडी विकता येते. शर्यतीच्या मैदानात इंजिन कुठे तुटतं ते पाहून आठवड्याभरात दुरुस्त भाग पाठवणारी फौज यादीतून विकता येत नाही. जीटी वर्गात एल-८८ला वेगात कोणी गाठत नव्हतं. शेवटपर्यंत टिकणं हा वेगळा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर कंपनीला उघडपणे शोधता येत नव्हतं.

पुढची दोन वर्षं, आणि झेडआर-१

१९६८मध्ये नव्या आकाराची कॉर्व्हेट आली आणि एल-८८ तिच्यातही चालू राहिली. त्या वर्षी ८०, १९६९मध्ये ११६. तीन वर्षांत मिळून २१६. वाढ बरीच झाली, कारण गोष्ट पसरली होती. शर्यतीत काय झालं ते लोकांनी वाचलं, ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे छोट्या सरळ धावपट्टीवरच्या शर्यतीत, काहींनी पाहिलं, आणि ४३०वर कोणाचा विश्वास उरला नाही. खोट्या आकड्याचं कुंपण दोन वर्षंही टिकलं नाही.

१९७० ते १९७२मध्ये शेवरोलेने झेडआर-१ हा पर्याय दिला. इथेही हेवी ड्यूटी ब्रेक, सस्पेन्शन, एम-२२, आणि रेडिओसकट सगळी चैन बंद. तीन वर्षांत २५, ८ आणि २०, एकूण ५३ गाड्या. एल-८८पेक्षा कितीतरी कमी. पण यात अश्वशक्तीचा आकडा दाबलेला नव्हता. झेडआर-१मधलं ३५० घनइंचाचं एलटी-१ इंजिन वेगळंही मिळत होतं, ३७० अश्वशक्तीचं, ४४७.६० डॉलरला, आणि १९७०मध्ये १,२८७ लोकांनी ते तसंच घेतलं. ज्याला जोरदार इंजिन हवं त्याला ते रेडिओसकट मिळालं. ज्याला शर्यतीचे ब्रेक हवे होते त्यानेच झेडआर-१ मागितली. गिऱ्हाइकांची चाळणी खोटं न बोलता झाली. एल-८८च्या वेळी हे जमलं असतं का? पूर्ण नाही, कारण तिचं इंजिनच १०३ ऑक्टेनवर अडलेलं होतं आणि ते रस्त्यावरच्या माणसाला वेगळं देता आलं नसतं. तरी मला वाटतं, खरा आकडा, हीटर नाही, आणि ६,००० डॉलर, एवढ्यानेही गर्दी झाली नसती.

आज खरी ओळखायची कशी

सप्टेंबर २०१३मध्ये अमेरिकेत एका १९६७च्या एल-८८ कन्व्हर्टिबलला, म्हणजे उघडणाऱ्या छताच्या गाडीला, लिलावात ३४ लाख डॉलरहून जास्त मिळाले. जानेवारी २०१४मध्ये एका लाल कूपेला ३८.५ लाख. एवढा पैसा आला की नकला येतातच, आणि एल-८८ची नक्कल करणं दुर्दैवाने फार अवघड नाही.

त्या काळच्या कॉर्व्हेटच्या चासिस क्रमांकात इंजिनाचा पर्याय नोंदलेला नाही. गाडी कूपे की कन्व्हर्टिबल एवढंच कळतं. कोणत्या गाडीत काय बसवलं याची गाडीवार नोंद कंपनीकडे आज उपलब्ध नाही. म्हणून "२०पैकी ही एक" हे कारखान्याला विचारून ठरवता येत नाही. इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला अक्षरकोड असतो, १९६७च्या एल-८८साठी "आयटी", आणि शेजारी गाडीच्या क्रमांकाशी जुळणारे आकडे. पण ती जागा घासून नवे अंक ठोकता येतात. शिवाय एल-८८ची इंजिनं सुट्या भागांच्या काउंटरवरही विकली गेली, त्यामुळे खरं इंजिन साध्या गाडीत असणं सहज शक्य आहे.

सर्वांत मोलाचा पुरावा सेंट लुईसच्या कामगारांनी नकळत ठेवला. गाडीत काय बसवायचं याचा छापील कागद ते पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या बाजूला चिकटवत. टाकी खाली उतरवली की तो दिसतो, जर ओल आणि गंज यांतून वाचला असेल तर. १९७४मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीच्या मंडळींनी अशा खुणांचा अभ्यास वर्षानुवर्षं केला आहे. कोणता बोल्ट, कोणत्या रंगाची खूण, जे-५६ ब्रेकच्या पॅडला दोन पिना आहेत की एक. हीटर नसलेल्या गाडीत त्याची जागा कारखान्यातच झाकलेली असते, आणि नंतर कोणीतरी हीटर बसवून भोकं पाडली असतील तर तेही कळतं.

या सगळ्यात एका गोष्टीशी मी सहमत नाही. बाजारात मूळ इंजिन अजून तसंच असलेल्या गाडीला सर्वांत जास्त भाव मिळतो. साध्या कॉर्व्हेटला ही कसोटी योग्य आहे. एल-८८ला नाही. ही गाडी १२ आणि २४ तासांच्या शर्यतींसाठी बनली, तिचं इंजिन तिथे फुटणं आणि बदललं जाणं हा तिच्या कामाचा भाग होता. ल मान्सला वर्गात पुढे राहिलेल्या कूपेचंही इंजिन त्याच शर्यतीत गेलं. शर्यतींच्या नोंदी, जुनी छायाचित्रं, डीलरची पावती आणि टाकीवरचा कागद जुळत असेल, तर बदललेल्या इंजिनाच्या अशा गाडीला मी गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीच्या वरचा क्रम देईन, भाव काहीही असो.